पटावर नाव नसलेली पंतप्रधान

नाशकात द्राक्षांच्या हातगाड्या लागल्या की मला वर्तमानपत्र वाचावंसं वाटतं. हसू नका, खरंच सांगते. इतरांना द्राक्षं पाहून खावीशी वाटतात, मला मात्र दिल्लीत काय चाललंय ते बघावंसं वाटतं. फार वर्षांपूर्वीच्या एका हंगामात द्राक्षं, दिल्ली आणि आमची शाळा यांचा असा काही गुंता झाला, की तो मला अजून सोडवता आलेला नाही.

यंदाही गाड्या लागल्यात. कॉलेज रोडच्या कोपऱ्यावरचा गाडीवाला घडांवर पाणी शिंपडतो आणि "गोड नसली तर परत आणा ताई" म्हणतो. घरी आमचे हे टीव्हीसमोर बसून बेरजा करतात. दिल्लीत आघाडीचं सरकार असल्यामुळे ह्यांना निवृत्तीनंतर कायमचं काम मिळालंय. यांचे इतके, त्यांचे तितके, अमक्याने पाठिंबा काढला तर उरले किती? मी म्हणते, "अहो, भात निवतोय. सरकार जेवणानंतर पाडा."

परवा अशीच बेरीज चालू असताना फोन वाजला. माझ्या जुन्या शाळेच्या आत्ताच्या मुख्याध्यापिका बोलत होत्या. "मॅडम, जनरल रजिस्टरमध्ये तुमच्या काळातली एक नोंद आहे. यमुना नावाची मुलगी, सातवीची. तिच्या लेकीला नर्सिंगला प्रवेश घ्यायचाय, कागदपत्रांत आईचाही उतारा मागितलाय. पण शेवटच्या रकान्यात जुन्या गुरुजींनी काहीतरी भलतंच लिहून ठेवलंय. ते तसंच उतरवायचं का? तुम्ही एकदा येऊन बघाल का?"

येते म्हटलं आणि फोन ठेवला. ह्यांनी विचारलं, "कोण गं?" मी म्हटलं, "पंतप्रधान." ते पुन्हा टीव्हीकडे बघायला लागले.

शाळा निफाडकडच्या एका खेड्यातली. चार खोल्या, समोर कडुनिंब आणि कुंपणाला लागून द्राक्षबागा. पाचवी ते सातवीची मुलं एकाच खोलीत बसायची, त्यांची मी बाई. मुख्याध्यापक देवरे गुरुजी सटाण्याकडचे. माणूस देवासारखा, पण कागदाला साप दिसल्यासारखा घाबरायचा. "बाई, तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं तपासणीत येतं," हे त्यांचं ब्रीदवाक्य. चिडले की मात्र शुद्ध भाषा गळून पडायची आणि "हाई काय शे?" म्हणजे 'हे काय आहे?' असा अहिराणी फटाका फुटायचा.

जिल्हा परिषदेच्या शाळेत गेला असाल तर भिंतीवरचा तो तक्ता तुम्हाला माहीत असेल. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री, पार जिल्हाधिकारी ते सरपंच, सगळ्यांची नावं ऑईलपेंटने लिहिलेली. साहेब तपासणीला आले की पहिलं बोट त्या तक्त्याकडे जायचं. त्या काळात गंमत अशी झाली, की मे महिन्याच्या सुट्टीसाठी शाळा बंद केली तेव्हा देशाचे पंतप्रधान एक होते आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिसरेच होते. मधले दुसरे तेरा दिवस राहून गेले, त्यांना आमच्या भिंतीवर यायची संधीच मिळाली नाही. गुरुजींनी पेंटर बोलावला, पंतप्रधानांच्या ओळीवर काळा रंग मारून घेतला आणि म्हणाले, "आता इथे रंग नाही. खडू." तेव्हापासून बाकी सगळे पदाधिकारी रंगाचे आणि पंतप्रधान खडूचे. पावसाची झड आली की ते पुसट व्हायचे, मग मी पुन्हा गिरवायचे.

मुलांना ह्याचं कोण आकर्षण! माझ्या लहानपणी पंतप्रधान ही सूर्य-चंद्रासारखी वस्तू होती, ती बदलते हेच आम्हाला उशिरा कळलं. ही मुलं मात्र परिपाठ झाला की तक्त्याकडे बघून विचारायची, "बाई, आज तेच का?" एकदा प्रश्न आला, "बाई, बाहेरून पाठिंबा म्हणजे काय? दाराबाहेर उभं राहायचं का?" मी सांगितलं, घर चालवायला हातभार लावायचा, पण जेवायला आपल्या घरी जायचं. मग मुलगा म्हणाला, "मंग रुसायला लय सोपं."

मुलांच्या प्रश्नांमुळे मलाही नाद लागला. गावच्या वाचनालयात जाऊन जुनी पुस्तकं चाळायला लागले. एका पंतप्रधानांना संसदेला एकदाही सामोरं जाता आलं नाही, त्याआधीच पाठिंबा गेला. एकदा निवडीच्या सभेत एकाचं नाव पुकारलं, तर त्याने उठून दुसऱ्याचंच नाव सुचवलं आणि तो दुसरा पंतप्रधान झाला. मोठ्या पक्षांना एकमेकांचा माणूस चालत नाही, मग ज्याच्या नावाला कुणाचीच हरकत नाही असा कुणीतरी मागच्या बाकावरून पुढे येतो. मला सारखं वाटायचं, ह्या थोड्या दिवसांच्या माणसांनी त्या मोठ्या घरात सामान तरी उलगडलं असेल का? घरच्यांनी विचारलं असेल का, की पडदे लावू, का राहू देऊ? राज्य जाणार हे माहीत असताना सकाळी उठून माणूस काय काम हाती घेतो, ह्याचं मला अजून कुतूहल आहे.

तर आमच्याही शाळेत मंत्रिमंडळ होतं. ते सगळ्याच शाळांत असतं. पाणीमंत्री, सफाईमंत्री, क्रीडामंत्री आणि सगळ्यांवर पंतप्रधान. घंटा वाजवायचा मान पंतप्रधानाचा, म्हणून त्या पदाला भाव. जानेवारीत आमचा जुना पंतप्रधान बापाची बदली झाली म्हणून मनमाडला गेला आणि निवडणूक लागली. वर्गात दोन पक्ष उभे राहिले. मळ्यातली मुलं चौदा, गावठाणातली तेरा. मळ्याची पुढारी वैशाली, बागाईतदाराची मुलगी, दोन वेण्या आणि नाकावर राग. गावठाणाला ती नको आणि मळ्याला गावठाणातला कुणी नको.

राहिली सात मुलं. ती सुरगाण्याची, डोंगरातल्या आदिवासी पाड्यांवरची. त्यांचे आईबाप दिवाळीनंतर जीपगाड्यांत बसून बागांच्या कामाला यायचे आणि हंगाम संपला की परत जायचे. त्या मुलांची नावं पटावर नव्हती, गुरुजी त्यांना नुसतं बसू द्यायचे. त्यांतली मोठी यमुना. काळी, काटक, पाठीवर कायम धाकटा भाऊ. 'आहे'ला 'आहा' म्हणायची, तर आधी सगळे हसले आणि महिन्याभरात निम्मा वर्ग 'आहा' म्हणायला लागला. वाचन असं खणखणीत, की मी खडू ठेवून ऐकत बसायचे. दोन दिवस भांडून झाल्यावर गावठाणातला एक जण उठला, "बाई, तिला करा. ती कोणाचीच नाय." वैशालीनेही मान डोलावली. असं आमचं सरकार बनलं. शपथ घेताना यमुना म्हणाली, "मी घंटा वेळेवर वाजवीन आणि कोणाला घाबरणार नाय." दुसरं वाक्य शपथेत नव्हतं.

तिने काम कोणतं हाती घेतलं असेल? पाण्याचं. वऱ्हांड्यात माठ होता. गावची आणि मळ्यातली मुलं माठातलं पाणी प्यायची आणि सुरगाण्याची मुलं मागच्या नळाला ओंजळ लावायची. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी ते रोज बघत होते आणि कुणी सांगितलेलं नाही ना, म्हणून गप्प होते. आता लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं. यमुनाने पहिल्याच सोमवारी घंटा वाजवून हुकूम काढला, "माठातलं पाणी कोणी आपल्या हाताने घ्यायचं नाय. पुढच्याने मागच्याला द्यायचं. सगळ्यात पुढच्याला सगळ्यात मागच्याने." मुलांना तो खेळ वाटला. रांग लागली, पहिल्याला पाणी द्यायला शेवटचा पळत पुढे यायला लागला, हसाहशी, सांडासांडी. आठ दिवसांत नळावर जाणारं कुणी उरलं नाही. गुरुजी चष्म्यावरून बघत राहिले आणि मला हळूच म्हणाले, "बाई, हे लेखी नाही ना कुठे?"

मार्चअखेर दिल्लीत पाठिंबा काढला गेल्याची बातमी आली. आमच्याकडे सोमवारीच वैशाली उभी. "बाई, आम्ही पाठिंबा काढतो." का, तर पंतप्रधानाचं नाव पटावर नाही. आता खरं कारण ते नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं. आपल्याच बागेत काम करणाऱ्या बाईची मुलगी आपल्याला रांगेत उभी करते, हे कुठेतरी टोचलं असणार. शिवाय ती दोन दिवस यमुनाशी बोलतही नव्हती.

मीही वाचनालयातलं शहाणपण बाहेर काढलं. म्हटलं, "देशाचा पंतप्रधान संसदेचा सदस्य नसला तरी चालतं. फक्त सहा महिन्यांच्या आत सदस्य व्हावं लागतं. आत्ताचेच बघा, पद मिळालं तेव्हा सदस्य नव्हते, नंतर झाले." वैशाली खाली बसली. यमुनाने मात्र बोटं मोजली. "बाई, माझे तीन झाले. मंग माझं नाव कधी लागणार?"

तिच्या प्रश्नाने मी हादरलेच. मंत्रिमंडळ हा खेळ होता, नाव पटावर असणं हा खेळ नव्हता. नाव नाही तर वार्षिक परीक्षा नाही. परीक्षा नाही तर सातवी पास नाही, आणि मग पुढच्या हंगामात हीच मुलगी शाळेच्या कुंपणाच्या पलीकडे घड कापताना दिसणार. हे मला आधी सुचायला हवं होतं. मी तिच्या वाचनाचं कौतुक करत बसले होते.

गुरुजी म्हणाले, "तिच्या गावच्या शाळेचा दाखला आणा, लगेच नाव घालतो." रविवारी मी सुरगाण्याची एसटी धरली, पुढे जीपमध्ये माणसांच्या मांडीवर माणसं. तिकडचे गुरुजी गावातच राहायचे, त्यांनी शाळा उघडली, रजिस्टर काढलं. यमुनाच्या नावावर लाल रेघ. पुढे शेरा, 'सतत गैरहजर. नाव कमी केले.' दोन वर्षं झाली होती. म्हणजे ती आमच्याकडे नव्हती, तिकडे नव्हती, कुठेच नव्हती. ते गुरुजी म्हणाले, "काय करणार बाई, दर दिवाळीनंतर निम्मं गाव रिकामं होतं. मी एकटा बसतो इथे."

परत येऊन देवरे गुरुजींना सांगितलं. दाखल्याशिवाय नाव घालायची वाट होती. वडिलांचा अर्ज घ्यायचा, मुलीची चाचणी घ्यायची, आणि मुख्याध्यापकाने आपल्या जबाबदारीवर सही करायची. 'आपल्या जबाबदारीवर' हे शब्द ऐकून गुरुजींचा चेहरा पडला. "बाई, मला दोन महिने राहिलेत निवृत्तीला. एकदम सातवीत? साहेबांनी विचारलं, ही पोरगी आकाशातून पडली का, तर मी काय सांगू?" मी फार बोलले, आवाजही चढला. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि पुन्हा घातली. सही काही केली नाही.

शनिवारी सकाळच्या शाळेत वैशालीने दप्तरातून अविश्वासाचा ठराव काढला. सभापती गुरुजी. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, पटावर नाव नाही त्याला मत नाही. सुरगाण्याची सातही मुलं भिंतीला जाऊन बसली. उरला हिशेब एवढाच, तेरा विरुद्ध चौदा. यमुनाला विचारलं, काही बोलायचंय का. ती उठली, भावाला खाली ठेवलं. "मी राजीनामा नाय देणार. तुम्हाला पाडायचं तर पाडा. पण पाण्याचं तसंच राहू द्या." हात वर झाले. एका मताने सरकार पडलं. मला रडू येत होतं, आणि मुलांसमोर रडायचं नाही म्हणून मी खिडकी बंद करायला गेले. ती आधीच बंद होती.

वैशाली पंतप्रधान झाली, शपथ घेतली आणि जागेवर न बसता दप्तरातून एक कागद काढला. घडी घातलेला, आदल्या दिवशी लिहिलेला. वाचायला लागली. "माननीय सभापती गुरुजी, विनंती अर्ज. बाईंनी शिकवलं आहे की विरोधी पक्षनेत्याशिवाय सभागृह चालत नाही. आमच्या सभागृहाला विरोधी पक्षनेता पाहिजे. आम्ही यमुनाला केलं आहे. पण तिचं नाव पटावर नाही, म्हणून सभागृह चालू शकत नाही. तरी नाव घालावे. नाहीतर आम्ही सोमवारपासून कोणीच हजेरी देणार नाही." खाली चौदा सह्या. मागून गावठाणवाले ओरडले, "आमच्या पण!" आणि तेरा जण पेन घेऊन धावले.

"हाई काय शे?" गुरुजी उठूनच उभे राहिले. कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग माझ्याकडे बघितलं, मी शिकवलं की काय म्हणून. मी कानांवर हात ठेवले, देवाशपथ मला काही माहीत नव्हतं. त्यांनी पुन्हा खालपर्यंत वाचलं. शेवटी म्हणाले, "लेखी अर्ज आहे. सत्तावीस सह्या आहेत. लेखी अर्जाला उत्तर द्यावं लागतं." आणि यमुनाला ऑफिसात बोलावून चाचणीला बसवलं, वडिलांचा अर्ज घेतला आणि आपल्या जबाबदारीवर सही केली. कागदाला भिणारा माणूस शेवटी कागदानेच हलला.

पुढचं थोडक्यात सांगते. दोन दिवसांनी बागांची तोडणी संपली आणि यमुनाचे आईबाप धाकट्याला घेऊन जीपमध्ये बसले. यमुना परीक्षेपर्यंत राहिली, कुणाकडे म्हणाल, तर वैशालीकडे. वैशालीच्या आईने तक्रार केली म्हणे, की दोघी दिवसभर भांडतात आणि एका ताटात जेवतात. मी वैशालीला एकदा खोदून विचारलं, "खरं सांग, तू तिला पाडलीस कशाला?" ती म्हणाली, "नाव नाय हे बरोबरच होतं ना बाई? मंग ती पंतप्रधान कशी?" मग चपलेने माती उकरत राहिली आणि म्हणाली, "मला तिने मागच्या बेंचवरल्या पोरींसमोर रांगेत मागं पाठवलं होतं." तिने आधी सूड घेतला आणि मग पस्तावली, का आधीपासूनच सगळं ठरवलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. ठराव आणि अर्ज एकाच दप्तरातून आले होते, एवढं खरं. आघाडीची सरकारं का पडतात ह्यावर टीव्हीवर मोठमोठी माणसं तासन्‌तास बोलतात. मी ऐकते, आणि मला ती चपलेने उकरलेली माती आठवते.

परवा एसटीने शाळेत गेले. कडुनिंब आहे. माठ गेला, शुद्ध पाण्याचं यंत्र आलंय, तोट्यांचं. तक्ता आता फ्लेक्सचा झालाय. मधली सुट्टी झाली, मुलं पाण्याला आली. एकीने तोटी उघडून पेला भरला आणि मागच्याला दिला. त्याने तो पिऊन पुन्हा भरला, आपल्या मागच्याला दिला. शेवटचा पोरगा पळत पुढे आला आणि पहिल्या मुलीला पेला भरून दिला. मी एकाला अडवून विचारलं, "तोटी आहे ना रे, आपापलं का घेत नाही?" तो म्हणाला, "आपल्या हाताने नसतं घ्यायचं." का? "इथं तसंच असतं." आणि पळाला.

मुख्याध्यापिकांनी रजिस्टर काढलं. पानं पिवळी पडलेली, पण देवरे गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं. त्या वर्षी सातवीतून गेलेल्या सगळ्यांपुढे 'शाळा सोडल्याचे कारण' ह्या रकान्यात दोनच शब्द, 'सातवी उत्तीर्ण'. जन्मभर रकान्याबाहेर एक टिंब न दिलेला माणूस. यमुनाच्या नावापुढे मात्र दोन ओळी होत्या. मी चष्मा पुसून वाचल्या. सुरगाण्याच्या रजिस्टरमधली ती लाल रेघ आठवली, त्या वर्षी एकामागून एक पडलेली दिल्लीतली सरकारं आठवली, आणि ह्या वेळी मी खिडकीकडे गेले नाही, तिथेच रडले.

"मॅडम, हे तसंच उतरवू का?" त्यांनी विचारलं. "असा शेरा कधी बघितला नाही हो."

"तसंच उतरवा," मी म्हटलं. "अक्षर न अक्षर. तिच्या लेकीला वाचू द्या."

'सातवी उत्तीर्ण. माजी पंतप्रधान, विरोधी पक्षनेता. मुदत पूर्ण केली.'